तीन अठरा

वहीतल्या त्या पानावर पाच ओळी होत्या: ‘वरचा फ्लोट: पिन १८. खालचा फ्लोट: आयओ३३. मीटर: व्हीएन. रिले: आयओ२६. बॅटरी: आयओ३४.’ पानाचा मोबाइलवर फोटो काढला आणि नाशिकच्या मित्राला पाठवून दिला. आमच्या पीसीबीचं, म्हणजे सुटे भाग डकवायच्या छापील सर्किटच्या पाटीचं, लेआउट तोच करतो. कॉलेजपासूनची दोस्ती, त्यामुळे एकमेकांना नीट लिहून द्यायची सवय आम्हाला कधी लागली नाही. पुढचे तीन महिने मी तो फोटो निस्तरत होते.

काम तसं साधं होतं. पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीला टाकीचा कंट्रोलर हवा होता. जमिनीखालची टाकी, गच्चीवरची टाकी, मध्ये पंप; दोन्ही टाक्यांत पातळी सांगणारा तरंगता स्विच, म्हणजे फ्लोट, आणि पंप चालू-बंद करायला रिले. वरची भरली की पंप बंद, उतरायला लागली की चालू, खाली पाणी नसेल तर पंप लावायचाच नाही. एवढ्यासाठी बाजारात तयार डबे मिळतात. पण सेक्रेटरी काकांना रोज किती पाणी वर चढलं त्याचा आकडा फोनवर हवा होता, कारण टँकरच्या बिलावरून दर मीटिंगला भांडण ठरलेलं. म्हणून वाय-फायवाली चिप, म्हणून ईएसपी३२. २०१६ पासून बाजारात आहे, स्वस्त आहे, आणि अडलं तर माहिती भरपूर मिळते. त्या भरपूर माहितीबद्दल मला आता थोडं बोलायचं आहे.

सुरुवात मी तयार बोर्डवर केली. विकत घेताना त्याच्यासोबत पिनांचं एक रंगीत चित्र आलं होतं. चित्र ३८ पिनांच्या बोर्डचं, हातातला बोर्ड ३० पिनांचा. पहिली संध्याकाळ पिना मोजण्यात गेली आणि मग चित्र बाजूला ठेवून बोर्डवर जे छापलंय तेच खरं मानायचं ठरवलं. बोर्डवर काही पिनांना नुसते आकडे होते, काहींना ‘व्हीपी’, ‘व्हीएन’ अशी अक्षरं. माझ्या वहीत ‘व्हीएन’ आला तो तिथूनच. खालचा फ्लोट, रिले आणि बॅटरीला ‘आयओ’ लिहिलं, कारण त्या वेळी समोर मॉड्यूलचा (चिप आणि तिची मेमरी बसवलेला तयार तुकडा) कागद, म्हणजे कंपनीचं डेटाशीट, उघडा होता. आणि वरच्या फ्लोटला नुसतं ‘पिन १८’, कारण तो आकडा मी माझ्या कोडमधून उतरवला; कोडमध्ये लिहितात तो पिनेचा जीपीआयओ क्रमांक. एका पानावर तीन भाषा, आणि त्या लिहिताना मला एकच वाटत होती.

फ्लोटच्या जोडणीबद्दल आधीच सांगते, कारण पुढे सगळं त्याच्यावर फिरतं. गच्चीपासून पंपाच्या खोलीपर्यंत साठएक मीटर वायर. ती कधीतरी कुणीतरी तोडणार हे गृहीत धरायचं, आणि तुटली तर कंट्रोलरला ‘टाकी भरली’ असंच वाटलं पाहिजे, म्हणजे पंप बंद राहील. त्यामुळे टाकीत जागा असताना फ्लोटचा स्विच मिटलेला, ऑप्टोकप्लरच्या (प्रकाशाने सिग्नल पलीकडे पोचवणारा भाग) आतला एलईडी पेटलेला आणि चिपची पिन शून्यावर. टाकी भरली की स्विच उघडतो, ऑप्टो बंद होतो आणि १० किलोओहमचा रेझिस्टर पिनला ३.३ व्होल्टकडे वर ओढतो. हा विचार मला आजही बरोबर वाटतो. घात त्यानेच केला, ही गोष्ट वेगळी.

पीसीबी आल्या पाच. एकीवर मॉड्यूल डकवलं, ईएसपी३२-व्रूम-३२, पत्र्याच्या टोपीचं. प्रोग्राम टाकला. रिले वाजला, बॅटरीचा आकडा आला, खालचा फ्लोट आला. वरचा फ्लोट मात्र हूं की चूं नाही. मल्टीमीटर बीपवर लावून ऑप्टोच्या पायापासून ट्रॅकचा माग काढत गेले, तर तो मॉड्यूलच्या १४ नंबरच्या पायाशी जाऊन थांबला. फोन लावला.

“अगं, फ्लोट कुठे जोडायचा ते तूच लिहिलंयस. अठरा.”

“अठराच म्हणतेय मी. तू चौदाला नेलायस.”

“चौदा हा मॉड्यूलचा पाय. चिपचा तो अठराच आहे. डेटाशीट उघड, पिनांचा तक्ता बघ. अठरा, एमटीडीआय.”

“आणि माझ्या कोडमधला अठरा?”

“तो जीपीआयओ अठरा झाला. मग तसं लिहायचंस ना! बाकी सगळीकडे आयओ लिहिलंस, इथेच नुसतं पिन लिहिलंस. आधी मी मॉड्यूलचा अठरावा पाय पाहिला, तर तो आतल्या फ्लॅश मेमरीचा निघाला, तिथे कोण फ्लोट जोडेल? म्हटलं, बाई चिपचा नंबर देतेय.”

त्याचं तर्कशास्त्र बिनतोड होतं. मी दोन्ही डेटाशीट शेजारी उघडून बसले आणि स्वतःसाठी लिहून काढलं. चिपचा १८वा पाय म्हणजे एमटीडीआय, त्यालाच जीपीआयओ १२ म्हणतात, आणि मॉड्यूलवर तो १४व्या पायाला बाहेर येतो. मॉड्यूलचा १८वा पाय म्हणजे एसडी३, जीपीआयओ १०, फ्लॅशच्या वाटेवरचा. आणि जीपीआयओ १८, जो मला हवा होता, तो चिपचा ३५वा आणि मॉड्यूलचा ३०वा. तीन अठरा, तिन्ही छापील, तिन्ही खरे. मॉड्यूलच्या १८व्या पायाला, फ्लॅशच्या तारेत, फ्लोट अडकला असता तर बहुधा टेबलावरच गोंधळ उघडा पडला असता, आणि खरं सांगते, ते बरं झालं असतं.

आम्ही पॉलिटेक्निकला ८०५१ वर शिकलो. चाळीस पायांची लांबलचक चिप, पी१.० म्हणजे पाय क्रमांक १, विसाव्या पायाला ग्राउंड, चाळिसाव्याला ५ व्होल्ट. एकच पॅकेज, एकच कागद, आणि परीक्षेत चित्र काढायला लावायचे म्हणून ते हाताला पाठ. पायाचं नाव आणि पायाची जागा वेगळी असते हे तेव्हाही दिसत होतं, पण त्याचा त्रास कधी झाला नाही. अर्डुइनो बोर्ड आला आणि तिसरा आकडा आला: बोर्डवर १३ लिहिलेली पिन ही पोर्ट बीची पाचवी, आणि चिपवर पाय १९वा. तोही लांबट चिपवर. चौकोनी चिप असेल तर १७वा. पुढे ईएसपी८२६६ या ईएसपी३२ च्या आधीच्या चिपच्या नोडएमसीयू बोर्डवर डी१ म्हणजे जीपीआयओ ५ आणि डी२ म्हणजे ४. ईएसपी-१२ मॉड्यूलच्या सुरुवातीच्या काळातल्या चित्रांत तर ४ आणि ५ एकमेकांच्या जागी छापलेले सापडत. हे सगळं मला माहीत होतं. इतरांना मी ते शिकवलेलंही आहे.

आता माझी चूक. मित्र म्हणाला, नवीन पीसीबी मागवू. मी म्हटलं, कशाला? सॉफ्टवेअरमध्ये एक आकडा बदलायचा, १८ च्या जागी १२. पाच पीसीबी वाचल्या. आकडा बदलला, ऑप्टोच्या जागी टेबलावर दाबलं की उघडणारं बटण लावलं, दाबलं, सोडलं, दाबलं. स्क्रीनवर ‘भरली’, ‘रिकामी’, ‘भरली’. दहा मिनिटांत प्रश्न मिटला म्हणून मी स्वतःवर खूश होते. दिवसभर बोर्ड चालू-बंद करून पाहिला तेव्हा बटण सुटलेल्या अवस्थेत होतं, म्हणजे ‘रिकामी’. ‘भरली’ या अवस्थेत वीज देऊन पाहिलं नाही. डोक्यात आलंच नाही.

एप्रिलमध्ये बसवला. महिनाभर उत्तम चालला. मेच्या मध्यात वळीव सुरू झाला आणि संध्याकाळी पाचदहा मिनिटं वीज जायला लागली. एका रात्री साडेनऊला काकांचा फोन.

“अगं, तुझा डबा मेलाय. दिवा नाही, काही नाही. आणि वरून धबधबा लागलाय.”

झालं होतं असं: वीज आली, डब्यावरचा दिवा लागला नाही, वॉचमन मामांनी ते बघून पंप मॅन्युअलवर टाकला आणि टाकी काठोकाठ भरलेली असल्यामुळे पाणी गच्चीवरून तिसऱ्या मजल्याच्या भिंतीत उतरलं. मामांचं काहीच चुकलं नव्हतं. मी अकराला पोचले तर डबा टुणटुणीत. दिवा चालू, वाय-फाय चालू, फोनवर आकडा बरोबर. मामा म्हणाले, “मॅडम, आईशप्पथ बंद होता.” मी मान डोलावली, पण मनात म्हटलं, व्होल्टेज खाली आलं असेल. दुसऱ्या दिवशी बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ जाऊन मोठा कपॅसिटर आणला आणि पुरवठ्याला लावला.

पाच दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा मी पोचेपर्यंत सगळं ठीक. आपण गेलो की दुखणं पळतं, डॉक्टरकडे नेलेल्या पोरासारखं. आता मात्र जुना लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत घालून पंपाच्या खोलीत रंगाच्या रिकाम्या डब्यावर ठेवला, बोर्डच्या सिरीयल पिनेला जोडला आणि जे काही येईल ते फाइलमध्ये लिहायला लावलं. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी होती, त्यामुळे वीज गेली तरी तो जागा राहणार होता.

चौथ्या संध्याकाळी मासा गळाला लागला. फाइलमध्ये एकच मजकूर शेकडो वेळा: आरटीसी वॉचडॉगने (चिप अडकली की तिला पुन्हा सुरू करणारा आतला पहारेकरी) रीसेट केलं, बूट हेक्स ३३, फ्लॅश रीड एरर १०००. पुन्हा रीसेट, पुन्हा ३३, पुन्हा एरर. सुमारे दीड तासाने अचानक एका ओळीत ३३ च्या जागी १३, आणि बोर्ड सुखाने सुरू.

तो ‘बूट’ शब्दापुढचा आकडा मी आयुष्यात हजार वेळा पाहिला असेल. वाचला कधीच नव्हता. चिप रीसेटमधून उठताना सहा पिनांवर काय आहे ते बघते आणि त्याचा सहा बिटांचा आकडा हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीच्या मोजणीत, छापते. १ चा बिट जीपीआयओ ५ चा, २ चा १५ चा, ४ चा जीपीआयओ ४ चा, ८ चा २ चा, १६ चा ० चा आणि ३२ चा जीपीआयओ १२ चा. हेक्स १३ म्हणजे १६ अधिक २ अधिक १, नेहमीची निरोगी स्थिती. हेक्स ३३ मध्ये त्यापेक्षा ३२ जास्त. म्हणजे उठताना जीपीआयओ १२ वर होती. माझा फ्लोट.

चिपच्या डेटाशीटमध्ये ‘स्ट्रॅपिंग पिना’ असा वेगळा भाग आहे. या पिना पुढे कामाला साध्या पिनांसारख्याच वापरता येतात, पण उठण्याच्या क्षणी चिप त्यांच्याकडून काही निर्णय घेते. जीपीआयओ ० वर प्रोग्राम घ्यायचा की चालवायचा हे ठरतं. १२ वर ठरतं ते फ्लॅश मेमरीला किती व्होल्ट द्यायचे: खाली असेल तर ३.३, वर असेल तर १.८. माझ्या मॉड्यूलमधली फ्लॅश ३.३ ची. तिला १.८ दिले की ती काही बोलत नाही, चिपला प्रोग्राम वाचता येत नाही, वॉचडॉग वैतागून रीसेट करतो, आणि गाडं पुन्हा पहिल्या पानावर.

आणि मी पोचेपर्यंत ते बरं का व्हायचं तेही त्याच भागात होतं. स्ट्रॅपिंग पिना वीज आल्यावर तर वाचल्या जातातच, पण आरटीसी वॉचडॉगच्या आणि ब्राउनआउटच्या, म्हणजे व्होल्टेज खाली आल्यावरच्या, रीसेटलाही पुन्हा वाचल्या जातात. रात्री लोक पाणी वापरत, टाकी फूटभर उतरे, फ्लोट लटके, पिन खाली येई, आणि पुढच्याच रीसेटला डबा आपोआप उठे. तोपर्यंत मी स्वारगेटच्या सिग्नलला असायचे.

मग मी म्हटलं, चिपच्या आत या पिनेला खाली ओढणारा रेझिस्टर आहे ना, तो काय करत होता? तो आहे, साधारण ४५ किलोओहमचा. बाहेरून माझा १० किलोओहमचा वर ओढणारा. ३.३ गुणिले ४५ भागिले ५५, म्हणजे २.७ व्होल्ट. ‘वर’ समजायला चिपला पुरवठ्याच्या पाऊणपट लागतात, जवळपास २.५. मीटर लावला, २.७ आले. मल्टीमीटरवर इतका बरोबर आलेला आकडा बघून वाईट वाटण्याचा हा पहिलाच प्रसंग.

इथून पुढे खरा घोळ सुरू झाला, कारण उपाय शोधताना कागद एकमेकांशी भांडायला लागले. विक्रेत्याच्या रंगीत चित्रात १२ नंबरला हिरवा रंग, म्हणजे बिनधास्त वापरा. चिपचा कागद म्हणतो, ही पिन आतून खाली ओढलेली असते. आणि डब्ल्यूरोव्हर नावाच्या भावंड मॉड्यूलच्या एका जुन्या कागदात ती मॉड्यूलच्या आतच वर ओढल्याचं लिहिलेलं. एक खाली म्हणतो, दुसरा वर म्हणतो, तिसरा हिरवा. मित्राने तिन्हींचे स्क्रीनशॉट पाठवले आणि खाली एवढंच लिहिलं, “बोल.”

दोन संध्याकाळी लागल्या. उलगडा असा झाला की जुन्या डब्ल्यूरोव्हरमध्ये फ्लॅश आणि जादा रॅम १.८ व्होल्टचीच होती, त्यामुळे तिथे १२ वर असणं हेच बरोबर. नंतरच्या बी आवृत्तीत ती ३.३ ची झाली. चिपचा कागद मोकळ्या चिपबद्दल बोलत होता, तो कागद एका ठरावीक मॉड्यूलबद्दल. दोघांत भांडण नव्हतंच, ते वेगवेगळ्या वस्तूंबद्दल बोलत होते. खोटं कुणी बोलत असेल तर ते चित्र, आणि तेही अर्धवट: चिप चालू असताना १२ नंबर खरंच बिनधास्त आहे. चित्रात फक्त काळ नव्हता. तेव्हापासून मी पायाचा नंबर मॉड्यूलच्या कागदाला विचारते, पायाचा स्वभाव चिपच्या कागदाला, आणि पायाचे आजार इराटाला. इराटा म्हणजे चिप बाजारात गेल्यावर सापडलेल्या दोषांची कंपनीनेच काढलेली यादी. तिच्याबद्दल पुढे येतंच.

तरी नुसत्या वाचनावर माझा विश्वास बसेना. माझ्या हातातल्या मॉड्यूलची काय स्थिती आहे ते त्यालाच विचारायचं होतं. चिपच्या आत ई-फ्यूज असतात, एकदाच जाळता येणारे बिट. ते वाचायचं साधन चालवलं तर सारांशाच्या शेवटी सरळ लिहून आलं: फ्लॅशचा व्होल्टेज रीसेटच्या वेळी जीपीआयओ १२ वरून ठरतो, वर असेल तर १.८, खाली किंवा मोकळी असेल तर ३.३. हे एक वाक्य एप्रिलमध्ये वाचलं असतं तर तिसऱ्या मजल्याची भिंत कोरडी राहिली असती.

उपाय दोन. एक, ई-फ्यूज जाळून व्होल्टेज कायमचा ३.३ ला बांधून टाकायचा, म्हणजे १२ नंबर कसलाही निर्णय घेत नाही. दोन, ट्रॅक कापून वायरने फ्लोट जीपीआयओ १८ वर, म्हणजे मॉड्यूलच्या ३० नंबरच्या पायावर न्यायचा. मला पहिला आवडला, मित्राला नाही. तो म्हणाला, “दोन वर्षांनी मॉड्यूल जळालं, कुणी दुसरं डकवलं, त्याचा फ्यूज कोण जाळणार? तुझी दुरुस्ती पीसीबीवर दिसत नाही, मॉड्यूलच्या पोटात आहे.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण पावसाळा तोंडावर होता आणि नवीन पीसीबी यायला तीन आठवडे. म्हणून तेवढ्यापुरता फ्यूज जाळायचा ठरला, आधी टेबलावरच्या सुट्या मॉड्यूलवर. ते साधन सहज ऐकत नाही. ‘बर्न’ हा शब्द कॅपिटल अक्षरांत टाइप करायला लावतं. टाइप करताना माझा हात थांबला होता. सुटं मॉड्यूल नीट उठलं, फ्लोट वर असताना वीस वेळा वीज देऊन पाहिली, वीसही वेळा उठलं. मग सोसायटीतलं.

नव्या पीसीबीआधी मी वही बाजूला ठेवली आणि तक्ता केला. दर पिनेला एक ओळ: जीपीआयओ क्रमांक, चिपवरचं नाव, चिपचा पाय, मॉड्यूलचा पाय, आतून वर की खाली, उठताना तिचं काही काम आहे का, आम्ही काय जोडलंय, आणि हे कुठल्या कागदाच्या कुठल्या पानावर पाहिलं. शेवटचा रकाना मित्राच्या आग्रहाने. भरायला एक अख्खा रविवार गेला. भरताना कळलं की लेआउटच्या प्रोग्राममध्ये आम्ही वापरलेलं मॉड्यूलचं चिन्ह कुणा अनोळखी माणसाने बनवलेलं होतं आणि त्यात काही पिनांना चिपची नावं, काहींना जीपीआयओची. पायांचे क्रमांक सगळे बरोबर होते, हे आमचं नशीब. ते चिन्ह टाकून दिलं आणि डेटाशीटवरून स्वतःचं बनवलं, दोघांनी वेगवेगळं तपासलं.

तक्त्यात व्हीएनची ओळ आली तेव्हा थबकले. व्हीएन म्हणजे जीपीआयओ ३९, मॉड्यूलचा ५वा पाय, चिपचा ८वा. ३४ ते ३९ या पिना फक्त ऐकतात, बोलत नाहीत, आणि त्यांना आतून वर-खाली ओढणारे रेझिस्टर नाहीत. कोडमध्ये पुल-अप मागितला तरी मिळत नाही. ते माहीत होतं, बाहेरून रेझिस्टर लावलेला होता. पण इराटात ३६ आणि ३९ बद्दल वेगळीच नोंद निघाली: चिपच्या आत एडीसीसारखे (व्होल्टेज मोजून त्याचा आकडा करणारा भाग) काही भाग चालू होताना या दोन पिना साधारण ८० नॅनोसेकंद खाली ओढल्या जातात. बाहेर काही झालेलं नसताना.

मी जाऊन रात्रीचे आकडे काढले. पाण्याच्या मीटरचा एक पल्स म्हणजे १० लिटर. पहाटे २ ते ५ पंप बंद होता, तरी पल्स होते. किती? अठरा. मी खुर्चीतच हसायला लागले. बॅटरीचा व्होल्टेज मी दर दहा मिनिटांनी वाचत होते, तासाला सहा वेळा, तीन तासांत अठरा. दर वाचनाला एडीसी जागा होई, ३९ ला उचकी लागे आणि हिशोबात १० लिटर चढत. दिवसाला १,४४० लिटर पाणी, जे कधी आलंच नाही. वाय-फायची झोप, म्हणजे वीज वाचवायला त्याचं मधूनमधून बंद होणं, मी आधीच बंद ठेवली होती, नाहीतर याहून किती पूर आला असता कोण जाणे. काकांना हे सांगणं सगळ्यात अवघड गेलं, कारण मेच्या मीटिंगमध्ये त्यांनी माझ्या आकड्यांवर टँकरवाल्याशी वाद घातला होता.

“म्हणजे मी चुकलो?”

“नाही काका, मी चुकले.”

“मिनिट्समध्ये तुझं नाव घालू का?”

“घाला.”

मीटर जीपीआयओ २७ वर नेला, मॉड्यूलचा १२वा पाय. कोडमध्येही पिन खाली आली की थोडं थांबून ती अजून खालीच आहे का बघायला लावलं. लेआउट सोपं व्हावं म्हणून मित्राला बॅटरी ३४ वरून २५ वर न्यायची होती; तो एडीसीच्या दुसऱ्या गटातला, वाय-फाय चालू असताना तो गट भरवशाचा नाही, म्हणून नाही म्हटलं. या वेळी तोंडी नाही, पान क्रमांकासकट.

नवीन पीसीबी जूनच्या शेवटी आल्या. दोन फ्लोट आणि मीटर, तिघांच्या वर-खालीच्या आठ जोड्या होतात. आठही जोड्यांत वीज देऊन पाहिली, प्रत्येकीत दहादा, आणि दर वेळी बूटपुढचा आकडा वाचला. ऐंशी वेळा हेक्स १३. मग सोसायटीत जाऊन जुना डबा काढून नवा लावला. मी गच्चीवर टाकीच्या तोंडाशी फ्लोट हाताने वर धरून बसले, पाऊस भुरभुरत होता, खाली मामा मेन स्विच बंद-चालू करत होते आणि दर वेळी ओरडत होते, “लागला!” अकराव्या वेळी आवाज आला नाही. पोटात गोळा आला. वाकून पाहिलं तर मामा कुणाच्या तरी गाडीला गेट उघडत होते.

उतरल्यावर त्यांनी विचारलं, आता मॅन्युअलचा स्विच काढून टाकायचा का. नको म्हटलं, राहू दे.